भिंतीच्या दोन्ही बाजूंना

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घराला छप्पर नव्हतं. आदल्या दिवशीच बाबांनी पत्रे उतरवून मामाच्या अंगणात नेऊन ठेवले होते. रिकाम्या घरावर राहिले तर कुणीतरी नेईल, परत आलो की चढवू, असं त्यांचं म्हणणं. मी जागी झाले तेव्हा चुलीच्या वर उघडं आभाळ होतं आणि त्या आभाळाखाली माय भुई सारवत होती. वेशीजवळ मुकादमाचा टेंपो उभा राहून हॉर्न देत होता. बाबा चिडले. "वर छप्पर न्हाई आन् खाली सारवतीस व्हय?" हात न थांबवता माय म्हणाली, "घर सोडून चाललोत, टाकून न्हाई."

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या बाजूला. बाबांच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती. ते तालुक्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. जिनिंग बंद पडली आणि त्याच महिन्यात मुकादम गावात आला. मुंबईला जमिनीखालून तारा टाकायचं काम आहे, वर्षभर पुरेल, म्हणाला. टेंपोत आम्ही चार घरांतली अकरा माणसं चढलो. पुढे कुणी पनवेलकडे गेलं, कुणी परत फिरलं, दोघांचा तर ठावठिकाणाच लागला नाही. त्या अकरांपैकी जे कुणी हे वाचतील त्यांच्यासाठी, आणि त्या सकाळी वेशीपर्यंत येऊन मागे राहिलेल्यांसाठी मी हे लिहितेय. तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, "शोभे, कसं काय मुंबईत?" मी म्हणते, "झकास." ते सगळंच खरं नसतं.

मुकादमानं आम्हाला मुलुंडला, आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत उतरवलं. तिथं एका कारखान्याची लांबच लांब भिंत होती. "हितंच," तो म्हणाला. मायनं विचारलं, "हितं म्हंजे कुठं?" त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीला प्लॅस्टिकचा कागद बांधून, कडेला विटा लावून आम्ही सात महिने राहिलो. बाबा टेलिफोनच्या तारांसाठी चर खणायचे, माय पाटीनं माती उचलायची. मी आमच्या गाठोड्यांवर बसून राहायची, कारण तीच आमची दारं आणि तीच कुलपं. समोरून शाळेची मुलं जायची. त्यांच्या आया आमच्याजवळ आल्या की मुलांचा हात बदलून त्यांना रस्त्याच्या बाजूला घ्यायच्या. मला वाटायचं, शहरात मुलांना असंच चालवत असतील.

बाबांनी कुणाकडून तरी लिहवून घेऊन मामाला कार्ड धाडलं होतं : खोली मिळाली, सर्व खुशाल. ते कार्ड मामानं सगळ्या गावाला वाचून दाखवलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

गल्लीच्या तोंडाशी एक चाळ होती. तिथं सावंतकाकू राहायच्या, मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका दुकानात दिवसभर वजनं करायचे. काकूंनी पहिल्याच आठवड्यात मायला चाळीच्या नळावर पाणी भरू दिलं. मला गाठोड्यांवर बसलेली पाहून त्या एक दिवस समोर उभ्या राहिल्या. "खंयची गो तू? शाळेत कित्या जाणस नाय?" मला त्यांचं बोलणं कळलं नाही आणि त्यांना माझं. पण दुसऱ्या दिवशी माझा हात धरून त्यांनी मला शाळेत नेलं. मास्तरांनी पत्ता विचारला तेव्हा मी काकूंकडे बघितलं. काकूंनी स्वतःच्या खोलीचा नंबर सांगितला. मास्तरांनी विचारलं, "ही तुमची कोण?" काकू म्हणाल्या, "माझ्याच घरात रवता ती." मास्तरांनी लिहून घेतलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आजही तो पत्ता आहे, ज्या खोलीत मी एकदाही झोपले नाही.

सात महिन्यांनी बाबांच्या ओळखीच्या एकानं भांडुपला डोंगराच्या उतारावर झोपडं बांधायला जागा दाखवली आणि आम्ही तिकडे गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी बारावी झाले, टायपिंग शिकले, मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात लागले. संजयशी लग्न झालं, तो रिक्षा चालवतो. मुलगी झाली. बाबा त्याच झोपड्यात गेले. त्यानंतर बिल्डर आला, आमची वस्ती पाडली आणि चार वर्षं संक्रमण शिबिरात काढल्यावर आम्हाला सोळा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट, टाइल्स, घरात संडास. इमारतीला कंपाउंडची भिंत, भिंतीला गेट, गेटवर वॉचमन. तळमजल्यावर एका बाजूला गणपतीचं मंदिर, दुसऱ्या बाजूला आपलं बुद्धविहार. तुम्ही इथं येऊन गेलात तेव्हा गॅलरीतून फोटो काढलेत. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला अर्ज लिहिता येतात.

मुलुंडच्या त्या सात महिन्यांबद्दल इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणायची, आम्ही पहिल्यापासून भांडुपचे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुमाराला आमच्या कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून एक निळं प्लॅस्टिक लागलं. मग दुसरं. पावसाळा संपेपर्यंत चार संसार झाले. पुरुष सकाळी नाक्यावर कामासाठी उभे राहायचे, बायका भिंतीपाशी चुली पेटवायच्या. धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जायचा. वॉचमनची नजर चुकवून त्यांची मुलं बागेच्या नळाचं पाणी भरायची. सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो येऊ लागले. आमचे चेअरमन राणेसाहेब, कणकवलीकडचे, मनानं वाईट नाहीत, पण त्यांना सगळं टापटीप लागतं. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "शोभाताई, तुम्ही एक कडक लेटर टाका ना महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला. आपण काय शिव्या द्यायला सांगत नाही, रीतसर कंप्लेंट करू."

मी पत्र लिहिलं. शाळेतल्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत. खूप चांगलं झालं होतं ते. मी लिहिलं, "सदर इसमांमुळे रहिवाशांस उपद्रव होत असून परिसराचे आरोग्य धोक्यात आले आहे." खाली सेक्रेटरी म्हणून सही केली, शिक्का मारला.

महिनाभर काही झालं नाही. मग एका सकाळी महापालिकेची गाडी आली. मी कामावर होते. संध्याकाळी परतले तर भिंत मोकळी होती, खाली पांढरी पावडर टाकलेली होती. ग्रुपवर अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. खोटं बोलणार नाही, मलाही बरं वाटलं. आपलं पत्र कुणीतरी वाचलं, त्यानं काहीतरी हललं, याचं बरं वाटलं.

माय आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघ्यांमुळे फारशी खाली उतरत नाही. पण रोज सकाळी लिफ्टनं जाऊन गेटपाशी खुर्ची टाकून बसायची तिची सवय. तिथून तिची भिंतीपलीकडच्या एका बाईशी ओळख झाली होती, हे मला माहीत होतं. कमल तिचं नाव. हिंगोलीकडची. दोघी आपल्या बोलीत बोलायच्या म्हणून मायला तिचा लळा. एवढंच मी जाणून होते. मायनं मात्र त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली आणि मी कारण विचारलं नाही.

चौथ्या दिवशी, शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते, आणि दारावर वैशाली आली. ती आमच्या भागातल्या हेल्थ पोस्टची आरोग्यसेविका, घरोघर फिरून लसीकरणाची आणि औषधांची चौकशी करणारी.

"मॅडम, भिंतीपाशी कमल राहायची, ती कुठं गेली काही कळलं का?"

"नाही बा. का?"

"तिला टीबी आहे. साधा नाही, बिघडलेला. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चार दिवस झाले ती आली नाही. लोक म्हणतात गाडीनं सामान उचललं, त्यातच गोळ्यांचा डबा आणि फाइल गेली." वैशाली जिन्यानं चढून आली होती, लिफ्ट बंद होती, तिला दम लागला होता. "दोन महिने लागले मला तिला लाइनवर आणायला. वाट लागली सगळी."

ती पाणी पिऊन गेली. माय आतल्या पलंगावर बसून सगळं ऐकत होती.

"गाडी कोनी बोलावली?" तिनं विचारलं.

"सोसायटीनं पत्र दिलं होतं."

"लिवलं कोनी?"

"मी."

मला वाटलं, ती आता बोलेल. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त म्हटलं, "वाचून दाखीव मला."

मायला लिहिता-वाचता येत नाही. आयुष्यभर मी तिला कागद वाचून दाखवत आले : औषधांच्या चिठ्ठ्या, बिल्डरचं करारपत्र, नातीचा निकाल. फाइलमधून पत्राची प्रत काढली आणि तिच्यासमोर उभी राहून वाचायला लागले. ऑफिसात जे इतकं चांगलं वाटलं होतं, ते मोठ्यानं वाचताना जीभ अडखळत होती. ती मध्येच म्हणाली, "थांब. उपद्रव म्हंजे?"

"त्रास."

"मंग त्रास लिवायचं." तिनं पुढे विचारलं, "आन् इसम म्हंजे?"

"माणूस."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. मुलुंडला आमच्याविरुद्धही असं पत्र लिहिलं गेलं होतं. चाळीतल्या सगळ्या घरांतून सह्या घेतल्या होत्या. सावंतकाकूंनी सही केली नाही. त्या म्हणाल्या, ह्या माणसांचा मला काही त्रास नाही. एका घराची सही नाही म्हणून ते पत्र काही दिवस रेंगाळलं, आणि तेवढ्यात बाबांना भांडुपची जागा मिळाली. "त्या साली तिच्या घरी गनपती बसला," माय म्हणाली, "तर आरतीला चाळीतलं एक मानूस आलं न्हाई. दोघं नवरा-बायकोच टाळ्या वाजवीत बसले. मी बाहीर पायरीवर उभी व्हते. मला आत बोलावलं तिनं. मीच गेले न्हाई, म्हनलं अजून बाट लागंल तिला आपला."

मला सावंतकाकू आठवत होत्या त्या नळाच्या आणि शाळेच्या. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आमच्यासाठी काय सोसलं ते मी पन्नाशीकडे झुकताना ऐकत होते, आणि हातात माझी स्वतःची सही होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि वैशालीबरोबर कमलला शोधायला निघाले. संजय म्हणाला, "रिक्षा आहे ना आपली, चल." तीन दिवस आम्ही फिरलो. मुलुंडचा चेकनाका, कांजूरची पाइपलाइन, विक्रोळीच्या हायवेकडेची जागा. मुंबईत इतकी माणसं उघड्यावर राहतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकेकाजवळ थांबून "कमल बघितली का, हिंगोलीची?" असं विचारत गेलं की ती गर्दी राहत नाही. एकानं आम्हाला बसायला खोकं दिलं. एका म्हातारीनं आधी विचारलं, "काय केलं तिनं?" कुणी शोधत आलं तर काहीतरी गुन्हाच असणार, हे तिला इतकं स्वाभाविक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटकोपरला हायवेच्या पुलाखाली कमल सापडली. खांबाला टेकून बसली होती. अंगात ताप, तोंड सुकलेलं. तिचा नवरा, उत्तम, नाक्यावर काम बघायला गेला होता. तिनं वैशालीला पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी मावशीची लेक ना? मावशी बरी हाय?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. पत्राचं मी तिला वाटेत सांगितलं होतं. मीच बोलले. "कमल, ते पत्र मी लिहिलं होतं. तुमचं सामान उचललं त्याचं."

वरून ट्रक जात होते, सगळा पूल हादरत होता. मी वाट बघत होते. कशाची, ते आता सांगता येतं : तिनं रडावं, शिव्या द्याव्या, नाहीतर जाऊ द्या म्हणावं. काहीतरी करून मला मोकळं करावं. तिनं यातलं काही केलं नाही. वैशालीकडे वळून विचारलं, "गोळ्या परत भेटतील का?"

गोळ्या मिळणार होत्या. पण घाटकोपरला नवीन नोंद करायची तर पुन्हा सगळे कागद, पुन्हा फेऱ्या. आमच्या हेल्थ पोस्टवर तिचं नाव होतं, डॉक्टर तिला ओळखत होते. मात्र रोज कुणाच्या तरी समोर गोळी घ्यायची, तर तिनं जवळपास राहायला हवं. आणि जवळपास म्हणजे कुठं? ज्या भिंतीपासून हाकललं, त्याच भिंतीपाशी?

त्या रविवारी सकाळी मी मीटिंग बोलावली. आमच्या तळमजल्यावर वेल्फेअर सेंटरची खोली आहे, ती बांधल्यापासून बंदच. त्यात मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीचं मखर. मी म्हटलं, उपचार पूर्ण होईपर्यंत कमल आणि उत्तमला ती खोली देऊ.

गलका झाला. टीबी लागेल, लहान मुलं आहेत, उद्या सगळा फुटपाथ आत येईल. वैशालीनं उभं राहून समजावलं. डॉक्टरांनी कमलची थुंकी पुन्हा तपासली होती, त्यात जंतू दिसले नव्हते, औषध चालू राहिलं तर लागण व्हायची भीती नाही, औषध सुटलं तर मात्र आहे. लोकांनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं नाही.

मग मी मुलुंडबद्दल सांगितलं. भिंत, प्लॅस्टिक, गाठोडी, सगळं. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मीटिंग गप्प होईल. तसं झालं नाही. राणेसाहेब म्हणाले, "शोभाताई, वाईट वाटलं ऐकून. पण आमच्यातला कोण बंगल्यातून आलाय सांगा ना? आम्हीपण त्यातूनच वर आलोय. म्हणूनच परत तो कचरा नको वाटतो यार." ते खरं होतं. गरिबीतून आलेल्या माणसाला गरीब शेजार नको असतो, कारण कालपर्यंत आपण तिथंच होतो हे त्याला रोज दिसत राहतं. मी ते पत्र लिहिलं तेव्हा माझंही तेच होतं.

वेल्फेअरची खोली मिळाली नाही. मतं घेतली, आम्ही हरलो. पण तेवढ्यात विहाराच्या महिला मंडळाच्या दोन-तीन बाया उठल्या. विहाराच्या मागे एक लहान खोली आहे, पताका आणि भांडी ठेवायची. ती आमची आहे, सोसायटीची नाही, ती आम्ही रिकामी करतो, म्हणाल्या. सोसायटीनं फक्त पाणी आणि खालचा संडास वापरू द्यावा. त्यावर पुन्हा मतं. या वेळी थोडक्यात निभावलं.

अशी कमल भिंतीच्या आत आली. तिला औषधाचं कार्ड नव्यानं मिळालं, त्यावर आमच्या इमारतीचा पत्ता घातला. मी तो माझ्या हातानं लिहिला. काही लोक माझ्याशी लिफ्टमध्ये बोलेनासे झाले. सातव्या मजल्यावरच्या एकांनी मुलीच्या साखरपुड्याला आम्हाला बोलावलं नाही. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "जेवन घरी हाय की आपल्या."

पण दुसरंही होत गेलं. त्या गोळ्यांनी कमलला मळमळायचं, अन्न पोटात ठरायचं नाही. एक दिवस राणेवहिनी स्टीलचा डबा घेऊन विहाराच्या मागे आल्या. डब्यात उकड्या तांदळाची पेज होती, बरोबर मीठ लावलेलं कैरीचं फोडणीशिवायचं लोणचं. "ही खा गो," त्या म्हणाल्या, "ही पोटात रवता." राणेसाहेबांनी मीटिंगमध्ये विरोध केला होता, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा आला. मग रोजच. एका सकाळी वहिनींना बरं नव्हतं, तर डबा घेऊन स्वतः राणेसाहेब आले, दाराबाहेर ठेवला, खाकरले आणि निघून गेले.

बायांनी वार वाटून घेतले. रोज सकाळी एकीनं कमलसमोर बसायचं, तिनं सगळ्या गोळ्या गिळेपर्यंत उठायचं नाही. सोमवार मायचा. तिच्या सोमवारी गोळ्या गिळायला तास लागायचा, कारण दोघी गप्पाच मारत बसायच्या. माझा वार गुरुवार. कमल माझ्याशी बोलायची, पण बेतानंच. माझ्यासमोर गोळ्या पटकन गिळून टाकायची आणि म्हणायची, "झालं ताई, जावा, तुमाला उशीर व्हईल." त्यात राग नव्हता आणि माया पण नव्हती. मी ते मागूही शकत नव्हते.

दीड वर्षानं डॉक्टरांनी उपचार पूर्ण झाल्याचं लिहून दिलं. तोपर्यंत उत्तमला ठाण्याकडे एका बांधकामावर वॉचमनचं काम मिळालं होतं, राहायला पत्र्याची खोली होती. ते निघाले त्या सकाळी मायनं कमलला आपलं नऊवारी लुगडं दिलं, राणेवहिनींनी उकड्या तांदळाची पिशवी. कमल दोघींच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे पुसले. "ताई," ती म्हणाली, "तुमी पत्र लई चांगलं लिवता. आता आमच्या रेशनकार्डाचंबी लिवा." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. मी लिहिलं. एक नाही, पाच लिहिली. ते कार्ड अजून हातात आलेलं नाही, पण येईल. मी सोडणार नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, शोभानं चूक निस्तरली. म्हणून पुढचंही सांगते. भिंतीला चार प्लॅस्टिकं होती. मी एकच शोधली, कारण कमलचं नाव एका रजिस्टरमध्ये होतं आणि तिला शोधत कुणीतरी माझ्या दारापर्यंत आलं. बाकीची तीन घरं कुठं गेली ते मला माहीत नाही. त्यांच्यात एक बाई गरोदर होती, असं माय म्हणते. पुलाखाली, पाइपलाइनजवळ मी त्यांच्याबद्दलही विचारायला हवं होतं. पण विचारणार काय? मला त्यांची नावंच माहीत नव्हती. सहा महिने ती माणसं माझ्या गॅलरीच्या खाली राहिली, मी त्यांच्याबद्दल अख्खं पान भरून पत्र लिहिलं, आणि त्यात एकाचंही नाव नव्हतं.

मागे गावी आले होते तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, "आता तुझं घर कोनचं, हे का ते?" गावच्या घराच्या भिंती केव्हाच विरघळून गेल्यात, पत्रे मामाच्या गोठ्यावर चढले. आणि नवव्या मजल्यावरचं घर कागदोपत्री माझं आहे. तेव्हा मी काहीतरी हसण्यावारी नेलं होतं. आज विचाराल तर सांगेन : छप्पर कुणाचं का असेना, जिथं आपण गेलो नाही तर आपण का आलो नाही म्हणून कुणीतरी विचारत येईल, ते घर. कमल चार दिवस आली नाही तर वैशाली नऊ मजले चढून आली. त्या भिंतीपाशी प्लॅस्टिकखाली असतानाही कमलला तेवढं घर होतं. ते आम्ही मोडलं होतं, आणि जमलं तेवढं परत बांधलं.

गेल्या आठवड्यात भिंतीला पुन्हा एक प्लॅस्टिक लागलं. या वेळी पिवळं. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली कुणीतरी लिहिलं, "सेक्रेटरी मॅडम, लेटर?" राणेसाहेबांनी त्यावर काहीच टाकलं नाही, अंगठाही नाही. मीही उत्तर दिलं नाही. सकाळी कामावर जाताना गेटमधून बाहेर पडले आणि स्टेशनकडे न वळता भिंतीकडे वळले.

एक तरुण बाई चुलीसाठी लाकडं फोडत होती. माझ्या हातातली पर्स, गळ्यातलं ओळखपत्र बघून तिचे हात थांबले. ती उभी राहिली आणि मागच्या गाठोड्यांपुढे आडवी आली.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"कशाला? लिवून न्यायला?"

"नाही गं. हाक मारायला."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रस्त्यावरून एक बाई मुलाला घेऊन शाळेत निघाली होती, तिनं वळून आमच्याकडे बघितलं.

"लता," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "सगळ्यांची सांगू का? पाच जन हावोत आमी."

"सांग," मी म्हणाले आणि पर्स बाजूला ठेवून तिच्या चुलीपाशी खाली बसले.